डबल शिलाईची कॉलर

माझ्या वडिलांनी माझ्या आईला टाकीत बुडवलं.

दिवसाढवळ्या, सगळ्या मंडळीसमोर. आम्ही उभे राहून गीत म्हणत होतो.

पुढच्या आठवड्यात ती गेली. तिची धाकटी बहीण, लीलामावशी, पप्पांच्या तोंडावर म्हणाली, "तुम्ही मारलीत तिला."

आज पप्पांचा स्मृतिदिन. दरवर्षी मी फोटो टाकतो, तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकता. यंदा थोडे वाचायचे कष्ट घ्या.

पप्पा फौजेत होते, पूल बांधणाऱ्या पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईनंतर परत आले, मुलुंडला प्लंबिंगची कामं धरली आणि पुढे कांजूरमार्गच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमच्या चिमुकल्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, झाले.

"सहा दिवस लोकांची गळती थांबवतात आणि रविवारी डोळ्यांतून काढतात." हे आईचं वाक्य.

मित्रयादीतल्या जोशी-कुलकर्ण्यांसाठी खुलासा: आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब नव्हेत. आख्खा माणूस पाण्याखाली. संस्कृतात निमज्जन. पप्पांच्या मराठीत, बुडवून काढणे.

त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली त्यांनी स्वतः टाकी बांधली होती. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या उपनगरात एवढं पाणी एका जागी साठलेलं बघूनच निम्मे लोक श्रद्धाळू होत.

आई दुसऱ्या मंडळीतली. तान्ही असतानाच तिच्या डोक्यावर पाणी शिंपडलेलं.

पप्पा चिडवायचे, "शिंपडतात ते इस्त्रीच्या कपड्यांवर."

"मग तुमचा काय धोबीघाट आहे?" आई.

हा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा.

पप्पांची एक खोड होती. पाण्याखाली नेताना ते माणसाची कॉलर मुठीत धरत. अशी, की तो वर यायचा तो फाटका शर्ट आणि मानेवर वळ घेऊन. बाप्तिस्म्याला जुना शर्ट घाल रे, असं लोक एकमेकांना बजावत. शेवटी आईनेच मांजरपाटाचे पांढरे झगे शिवले. कॉलरला डबल शिलाई.

खोडीमागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. लढाईत नदीवर पूल टाकताना त्यांचा जोडीदार धोंडू प्रवाहात पडला. पप्पांनी त्याचा हात पकडला होता.

"सुटला," एवढंच सांगायचे.

मग आईला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

एका दुपारी पेज खाता खाता ती पप्पांना म्हणाली, "अहो, मला बुडवा. एवढे झगे शिवले लोकांचे, एक मी घालून बघते."

आम्हाला वाटलं, गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. जायच्या आधी तिला हे हवं होतं, आणि नवऱ्याच्याच हातून हवं होतं.

मावशीने पप्पांचे पाय धरले. अशा अंगाने ती पाण्यात उतरली तर त्यातच जाईल, म्हणाली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही सांगितलं, यावेळी शिंपडा, देव समजून घेईल.

आणि आयुष्यभर शिंपडण्याची टिंगल केलेला हा माणूस खरोखरच वाटीभर पाणी घेऊन तिच्या खाटेशी येऊन बसला.

आईने वाटीकडे बघितलं.

"इस्त्री करताय?"

पप्पांनी वाटी खाली ठेवली.

त्या रविवारी आजूबाजूच्या घरांतले स्टोव्ह हॉलच्या दारात आले. पातेली तापवून टाकीत ओतली, तरी पाणी जेमतेम कोमट. आईला खुर्चीत बसवून आत उतरवलं. पप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने, एवढं म्हणाले आणि थांबले.

कॉलर मुठीत. आमचं गीत संपलं. कुणीतरी परत पहिलं कडवं धरलं.

आईचा आवाज तेव्हा फारसा उरला नव्हता. पण पहिल्या रांगेपर्यंत पोचला.

"कॉलर सोडा हो. मी कुठे वाहून जात नाही."

त्यांनी सोडली. मानेखाली नुसता तळवा ठेवला आणि तिला पाण्याखाली नेलं.

वर आली तेव्हा हसत होती. कॉलर शाबूत.

मग ताप. मग न्यूमोनिया.

मावशी काय म्हणाली ते वर लिहिलंच आहे. एवढं बोलून, त्या रविवारपासून दोरीवरच राहिलेला आईचा झगा ओढून घेऊन ती निघून गेली. पप्पांनी टाकीवर फळ्या ठोकून टाकल्या, पाळकपण सोडलं. लोकांचे नळ मात्र दुरुस्त करत राहिले.

काही महिन्यांनी मी विचारलं, मावशी म्हणते ते खरं का?

ते नळाला सूत गुंडाळत होते.

"धोंडूचा हात सुटला नव्हता. मीही ओढला जात होतो. सोडला मी."

आणि मग, "आईला पण सोडलं. पण ती सोडा म्हणाली. धोंडू सोडू नको म्हणत होता."

शाळेत मला संस्कृत होतं, आणि मी त्यात हुशार होतो. मुञ्चति म्हणजे सोडतो, मुच्यते म्हणजे सुटतो. धातू एकच. मुक्तीसुद्धा त्यातलीच. आमच्या बाई म्हणायच्या, वाक्यात आधी कर्ता शोधा.

मी सूत पुढे केलं.

पप्पाही फार राहिले नाहीत. छातीत कळ आली, हातात पाना होता.

मावशी आली. तोवर तिने आमच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आपले शब्द तिने त्या दिवशी मागे घेतले नाहीत, नंतरही कधी घेतले नाहीत.

पेटी बंद करायच्या आधी तिने पिशवीतून आईचा झगा काढला. धुतलेला, निळीतला. कडक इस्त्रीचा.

तो पप्पांच्या छातीवर ठेवला. त्यांची बोटं उचलून कॉलर त्यांच्याखाली सरकवली.

"धरा आता," म्हणाली.

सलाम, पप्पा.