तुराटीला घासणारं चाक

सायकल माझ्याच हातून मोडली, हे आधी सांगून टाकते. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. आमच्या ह्यांना रिठदच्या शाळेत नुकतीच मास्तरकी मिळाली होती, तीही कच्ची. उशीर झाला तर घरी बसावं लागेल, असं हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. शाळा आमच्या गावापासून चार कोस, म्हणून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वाशीमहून एक जुनी सायकल आणून दिली होती.

त्या रविवारी हे बहिणीकडे जऊळक्याला गेले होते. मी शेण काढत होते, तेवढ्यात गोऱ्ह्याचा खुंटा उपटला. हाताशी सायकल उभी दिसली, दावं तिलाच बांधलं. आता तुम्ही म्हणाल, एवढी कशी अक्कल नव्हती. पण आमच्याकडे जे उभं असेल त्याला जनावर बांधायची सवयच होती, बाई. बैलाची बंडी म्हणू नका, दाराची कडी म्हणू नका. फरक एवढाच की बंडी जागची हलत नाही. गोऱ्हा उधळला, सायकल अंगणभर फरफटली आणि पुढच्या चाकाचा पापड झाला.

मामाजी वावरातून आले. मी पदर ओढून दाराआड. त्या काळी सून सासऱ्यासमोर बसत नसे, बोलणं तर दूरच. सासूबाईंनीच सगळं सांगितलं. सायकलचं दुकान वाशीमला, तिथं नेतो म्हटलं तर सोमवार हातचा गेला. मामाजी रागावले नाहीत. त्यांनी चाक काढलं, दोन दगडांवर आडवं ठेवलं आणि पायानं दाबून दाबून निदान गोल दिसेलसं केलं. मग सायकल उलटी करून ते परत बसवलं. चाकाला लागेल न लागेल अशी तुराटीची, म्हणजे वाळल्या तुरीची, काडी दांड्याला बांधली आणि पकड घेऊन तारा आवळायला बसले.

पण चाक फिरवून बघायला दुसरं माणूस लागतं, आणि सासूबाईंना जवळचं दिसत नसे. शेवटी मलाच बोलावलं. सासूबाई मधात पाटावर बसल्या. चाक जिथं वाकडं, तिथं काडीला घासायचं.

"तिले विचार, कुठी घासते," मामाजी म्हणायचे.

मी सासूबाईंच्या कानाशी सांगायची, त्या मोठ्यानं मामाजींना सांगायच्या. मामाजी दोन हातांवर, त्यांना माझं सगळं आधीच ऐकू गेलेलं. पण पकड हलायची ती सासूबाई बोलल्यावरच.

शेतकऱ्याचा हात तो. दिसेल ती तार ताकदीनं पिळत. चाक सरळ व्हायचं सोडून जास्तच वाकडं होऊ लागलं आणि एक तार टणकन तुटली. मला चूक दिसत होती. माहेरी बाजेची सैल दोरी ओढायचं काम माझ्याकडे असे. एकाच अंगानं ओढली की बाज तिरपी होते. इकडून ओढायची तर तिकडून सैल द्यावी लागते. मी हे सासूबाईंना सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, "चाकात बाज कुठून आणली, माय?" तोवर मामाजींनी पुढच्या तारेला पकड लावली होती. तीही तुटती तर ह्यांची शाळा संपलीच होती.

"मामाजी, आवळू नका. समोरची सैल करा आदी."

बोलून गेले आणि पदर आणखी पुढं ओढला. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मामाजींनी मान वर केली नाही. पकड समोरच्या तारेवर नेली आणि म्हणाले, "किती?"

"अर्दा फेरा. मंग इकडची अर्दा."

दिवस कलेपर्यंत आम्ही तेच करत होतो. एका जागी ब्रेकच्या रबराला खसकन लागायचं, तेवढं राहू दिलं. संध्याकाळी हे आले आणि चाकाला काय झालं म्हणून विचारू लागले. मी चुलीपाशी खाली मान घालून.

"खुंटा मीच कच्चा ठोकला होता," मामाजी म्हणाले.

खुंटा मी ठोकला होता. आदल्याच दिवशी, सावलीत हवा म्हणून जागा बदलून. मामाजींनी मला ठोकताना पाहिलं होतं.

सोमवारी सायकल खसक-खसक करत वेळेवर गेली. नोकरी पक्की होईपर्यंत तिनंच ह्यांना नेलं-आणलं. सून सासऱ्याशी बोलते, असं शेजारणी कुजबुजल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना सांगितलं, की बरं झालं, माझी पाटावरून सुटका झाली. पुढं घरातली बाज सैल झाली की मामाजी ओसरीवरून मलाच हाक मारत. एक बाजू ते धरत, एक मी.