न भिजवलेला दोरा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवरा आधीच गेला होता, त्याला सांगायचा प्रश्न आला नाही. बहिणीला सांगितलं नाही. देवापुढे उभी राहते तेव्हाही हे सोडून बाकीचं सगळं बोलते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमची माणसं म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम करत आलेली. नवरा कोट शिवायचा, मी घरी बसून काजं करायचे. मुलगा एकच, वासुदेव. त्याने सुई हातात धरली नाही, कचेरीत लागला. बोलायला कमी, मित्र नाहीत, बाहेर जायची हौस नाही. त्याला एकच वेड — जहाजं.

खरी नाहीत. म्हैसुरात कुठला समुद्र? प्लास्टिकची. कचेरीतल्या एकाच्या भावाने परदेशातून एक खोका आणला होता. त्यात जुन्या काळच्या शिडाच्या जहाजाचे तुकडे — करडे, चौकटीला चिकटलेले, काही तांदळाच्या दाण्याएवढे. वासू ते नेलकटरने सोडवायचा, घासायचा, चिमट्यात धरून चिकटवायचा, रंगवायचा. हातभर लांब जहाज, तीन डोलकाठ्या, आणि त्यांना वरपासून खालपर्यंत दोर. खोक्यातला दोरा नायलॉनचा, चकाकणारा. तो त्याला खोटा वाटायचा. म्हणाला, आई, तुझ्याकडचा दे.

तेव्हापासून दोरा माझा. सुती कापड भिजवून आटवल्याशिवाय शिंपी त्याला कात्री लावत नाही, दोऱ्याचंही तेच. लडी पाण्यात टाकायची, दोन खिळ्यांमध्ये ताणून वाळवायची, मग मेणाच्या तुकड्यावरून ओढायची. असा दोरा पुढे दगा देत नाही. न भिजवलेला दोरा आज ताणून बांधला तर दिसतो छान, पण हवेत ओल आली की आखडतो, आणि ज्याला बांधलाय त्याला ओढत राहतो. प्लास्टिकची डोलकाठी ती काय — काडेपेटीतल्या काडीहून थोडी जाड.

वासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दोरा मागायचा, मी द्यायचे. संध्याकाळी तो टेबलाशी, मी शेजारी स्टुलावर, मेण ओढत. बोलायचो नाही. माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं काही झालं नाही — हे सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच.

मग सुधा आली.

हुणसूरची, मास्तरांची मुलगी, मराठीच. वासूचं लग्न उशिरा झालं, आणि मला वाटलं होतं ही त्याच्या खोक्यांना हसेल. ती हसली नाही. टेबलाशी जाऊन बसली. डोलकाठीवर चढायला दोरांच्या शिड्या असतात, त्यांच्या प्रत्येक पायरीला गाठ. तिची बोटं बारीक, गाठी एकसारख्या. वासू बोलायला लागला. माझा मुलगा — जेवताना ज्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही — तिला सांगत बसायचा, कुठल्या दोराने कुठलं शीड फिरतं. ती मध्येच काही म्हणायची आणि तो हसायचा. स्टूल तिचं झालं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

ती वाईट होती का? नव्हती. माझ्याशी उद्धट वागली का? कधीच नाही. आमच्याकडे सुना सासूला कानडीसारखं अत्तेच म्हणतात. तिच्या तोंडून ते ऐकायला बरं वाटायचं. हे लिहायला हवं, नाहीतर तुम्ही तिच्यात काहीतरी शोधाल.

नवं मोठं जहाज सुरू झालं तेव्हा ती रीळ घेऊन माझ्याकडे आली. मी डाळ निवडत होते. म्हणाली, "अत्ते, या वेळी दोरा मी करते. तुम्हाला किती त्रास. असाच मेणावरून ओढायचा ना? की आधी काही करायचं असतं?"

विचारलं तिने. नीट विचारलं.

मी वर पाहिलं नाही. म्हटलं, "असाच ओढ. सुम्ने, उगाच कशाला काम वाढवतेस?"

एवढंच. तुम्हाला वाटेल रागाच्या भरात गेलं तोंडातून. मी रागात नव्हते. डाळीतला खडा काढून बाजूला टाकला आणि बोलले. त्यानंतर कित्येक महिने ती दोघं ते जहाज बांधत होती. रोज मला सांगता आलं असतं. मी बघायचे, दोर वाढत चालले आहेत — आणि गप्प राहायचे.

दसऱ्याला आमच्याकडे गोंबे मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि खाली जमिनीवर एखादा देखावा. त्या वर्षी सुधाच्या डोक्यातून निघालं, खाली तळं करू आणि जहाज तिथे ठेवू. परातीत पाणी, त्यात जहाज, भोवती ओली माती, मातीत पेरलेली नाचणी. नाचणीचे कोंब हिरवे राहायला पाणी शिंपडावं लागतं. त्यात पाऊसही थांबत नव्हता, भिंतींना ओल धरली होती. नाचणीवर पाणी कोण शिंपडत होतं? मी. लागत होतं त्याहून जास्त.

मग एका सकाळी मला दिसलं — मधली डोलकाठी पुढे झुकली होती. केसभर. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी पाणी शिंपडलं.

अष्टमीला गल्लीतल्या बायका गोंबे बघायला आल्या. तोवर तिन्ही काठ्या तीन दिशांना वाकल्या होत्या. शेजारच्या कमलम्मा वाकून बघत म्हणाल्या, "काय हो वासुदेव, तुमचं जहाज प्यायलंय वाटतं. धड उभं राहीना." सगळ्या हसल्या. वासू उठून आला, परातीशी उकिडवा बसला, एका दोराला बोट लावलं. दोर तारेसारखा ताठ. मधल्या काठीचा वरचा भाग सांध्यातून सुटला आणि शिडासकट पाण्यात पडला.

"दोरा कुणी केला?" त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"मीच," सुधा म्हणाली. "अत्तेंनी सांगितला तसाच. नुसता मेणावरून ओढला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

इथेही वेळ होती. हो, मीच सांगितलं — एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? वासू रागावला असता, चार दिवस बोलला नसता. मग दोघांनी मिळून पुन्हा बांधलं असतं. मी म्हटलं, "मी असं सांगेन? शिंप्याच्या घरात जन्म गेला माझा. दोरा भिजवल्याशिवाय कुणी वापरतं का?"

शिंप्याच्या बाईने असं सांगितलं, हे कोण मानणार? कमलम्मांनीही मान हलवली — "हौदु, तेही खरंच." सुधा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अत्ते, आठवून बघा. तुम्ही डाळ निवडत होतात."

"आठवायला काय आहे त्यात?" मी म्हटलं, आणि बायकांना उसळ द्यायला उठले.

जहाज मोडल्याचं वासूला वाईट वाटलं, पण त्याला लागलं ते दुसरंच. मला म्हणाला, "चुकलं तर चुकलं. पण तिने तुझ्यावर का ढकलावं, आई?" मी काय म्हटलं असेल? "जाऊ दे, लहान आहे ती." मोठेपणाही मीच घेतला.

त्यानंतर तो तिला टेबलाशी बोलवेना. ती काही सांगायला लागली की असा बघायचा, जणू त्यातलं खरं किती ते तपासतोय — भाजीवाल्याची गोष्ट असली तरी. तिने एकदोनदा पुन्हा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पुढच्या गौरीला भावाकडे हुणसूरला गेली ती तिकडेच राहिली. भांडण नाही, कोर्ट नाही. हुणसूर काही लांब नाही, दिवसभर बस असते. आणायला जा, असं मी वासूला एकदाही म्हटलं नाही. गावाबाहेर बोगादीला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला तो एकटाच बसला. शेजारचा पाट रिकामा होता. मी मागे बसून तो पाट बघत होते.

स्टूल मला परत मिळालं. वासूने त्या जहाजाचे सगळे दोर कापून काढले, काठी जोडली आणि माझ्या भिजवलेल्या दोऱ्याने ते नव्याने बांधलं. आम्ही पुन्हा संध्याकाळी बसायला लागलो. तो टेबलाशी, मी मेण ओढत. बोलत नव्हतो, पूर्वीही बोलत नव्हतो. पण पूर्वी तो गप्प असायचा तेव्हा खूश असायचा. ते मला आधी कळलं नव्हतं, मग कळलं.

मागच्या पावसाळ्यात सुधाच्या भावाचा फोन आला. ती गेली होती. वासू बसने हुणसूरला जाऊन आला, आंघोळ केली, आणि माझ्यासमोर येऊन बसला. त्याचेही केस पांढरे झालेत आता. म्हणाला, "तिच्या भावाने सांगितलं, ती शेवटपर्यंत तेच म्हणत होती. आई, तू तिला काय सांगितलं होतंस?"

आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होता — सुधाने विचारलं होतं तसं, नीट. आता कुणाचं काय जाणार होतं? ती नाही. माझं काय, आज आहे, उद्या नाही. एका शब्दात मला त्याची बायको त्याला परत देता आली असती. मेलेली, पण खरी.

मी म्हटलं, "मी काही सांगितलं नव्हतं."

त्याने मान हलवली आणि उठून गेला.

हे मराठीत लिहिते आहे. वासू मराठी बोलतो, पण त्याची शाळा कानडीत झाली, मराठी वाचायचा त्याला कंटाळा. मला कानडी लिहिता येत नाही असं नाही.

तो पलीकडच्या खोलीत आहे. जहाजाचा एक दोर जुना होऊन तुटलाय, दोरा दे म्हणून मघाशी हाक मारली त्याने. मी लडी पाण्यात टाकली आहे.