नोखदांसाठी जपानहून आणलेला मोती

दुकानासाठी कापड घ्यायला कुवेतहून जपानला निघालो त्या सकाळी मला भेटायला एकच माणूस आला, आणि तोही निरोप द्यायला नव्हे, काम सांगायला. दुकानाच्या पायरीवर बॅग ठेवून मी टॅक्सीची वाट बघत होतो. नोखदा काठी टेकत आले आणि बाकावर बसले. मग त्यांच्या जुन्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "उधर का एक मोती लाव. मेरे को देखना है, हमारा घर किसने खाया."

नोखदा म्हणजे आपल्याकडचा नाखवा, गलबताचा कप्तान. मी ज्यांच्या कापडाच्या दुकानात कामाला होतो त्या म्हाताऱ्या कुवेती मालकांना सगळा बाजार याच नावाने ओळखायचा, जरी त्यांचं गलबत वाळूत रुतून किती वर्षं झाली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकेकाळी दर उन्हाळ्यात ते पाणबुडे घेऊन समुद्रात मोती काढायला जात आणि मोती विकायला मुंबईला येत. त्यांची हिंदी तिथली. पुढे जपान्यांनी शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता कुवेतचा मोत्यांचा धंदा बसला. नोखदांच्या पिढीसमोर जपानी मोत्याचं नाव काढणं म्हणजे शिवी देणंच. ते म्हणत, तो मोती नाहीच, काच आहे, वरून चोपडलेली. गंमत अशी की दुकानात दिशदाशासाठी, म्हणजे तिथल्या पायघोळ झग्यासाठी, गिऱ्हाईक मागायचं जपानीच कापड. नोखदा ते विकायचे, पण हात लावायचे नाहीत. "वो वाला दे दो," म्हणत काठीने दाखवायचे.

त्यांच्या रागाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी कधी सांगितली नाही, मला बाजारातल्या एका जुन्या हमालाकडून कळली. कप्तान होण्याआधी, तरुणपणी, नोखदा आपल्या थोरल्या भावाचा दोर धरायचे. भाऊ बुडी मारायचा, दोराला झटका द्यायचा, हे त्याला वर ओढायचे. एके दिवशी दोर ओढला तो हलका लागला. भाऊ वर आलाच नाही.

म्हणून त्या सकाळी मी "आणतो" म्हणालो खरा, पण मनात हिशेब सुरू झाला. काच निघाली तर ठीक, म्हाताऱ्याचा राग खरा ठरेल. पण मोती खरा निघाला तर? ज्यासाठी भावाचा जीव गेला ती वस्तू परदेशी लोक घरबसल्या पिकवतात, हे मी त्यांच्या तळहातावर नेऊन ठेवणार होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ तो राग सोडला तर फारसं काही उरलेलंही नव्हतं.

अनोळखी मुलखाला असा याआधी एकदाच निघालो होतो, दहा वर्षांपूर्वी, दाभोळहून. तेव्हा अख्खा मोहल्ला धक्क्यावर लोटला होता. आई म्हणाली होती, "जातोस ता जा, पण मागे वळून बघू नको. माज्यान बघवणार नाय." मी वळून बघितलं होतं. लग्नाला चार महिने झाले होते, बायको, जुलेखा, आईच्या मागे उभी होती, आणि तिचं तोंड मला धड दिसलंही नाही. त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने रजा, एवढाच आमचा संसार. तुमच्यापैकी जे कुवेतात अहमदीत, फहाहीलमध्ये माझ्यासारखेच राहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जपानचं विमान मुंबईत तासभर थांबलं. मी खाली उतरलो नाही. उतरून करणार काय होतो? दाभोळ तिथून एका बोटीच्या अंतरावर होतं, आणि मी दुकानाच्या कामावर होतो. पुढे हे जुलेखाला कळवलं तर तिचं पत्र आलं, "मुंबईवरून गेलात नि उतरलात नाय?" 

कोबे शहरात उतरलो तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी वस्ती. इतका जगप्रवास करून बघायचं काय, तर कोकण. पण असं कोकण मी पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या गटारातून डोंगराचं पाणी वाहत होतं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. आम्ही कुवेतला गेलो तेव्हा गोडं पाणी डब्याने विकत घेतलेली माणसं. त्या गटारापाशी मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे, येणारेजाणारे माझ्याकडे बघून वाकून पुढे जात होते. अठरा-वीस वर्षांपूर्वी लढाईत हे शहर जळालं होतं असं सांगितलं तर खरं वाटू नये. हिंदी आणि तुर्की व्यापाऱ्यांनी बांधलेली मशीद त्यातून वाचली होती. शुक्रवारी तिथे नमाज पढलो आणि बाहेर आलो तर समोर ट्रॅमसाठी माणसं एकामागे एक, न बोलता, छत्र्या मिटून उभी. मी सवयीने कोपर मारून सर्वांच्या आधी आत चढलो. कुणी काही बोललं नाही. त्या गप्प राहण्याचीच मला लाज वाटली, पुढच्या वेळी शेवटी उभा राहिलो.

ज्या छोट्या लॉजमध्ये राहिलो त्याची मालकीण साठीची बाई होती. दारात बूट काढून आत जायचं. दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर माझे बूट पुसून, टोकं रस्त्याकडे करून ठेवलेले. मला वाटलं, बाई सुचवतेय, आता निघा. दिवसभर मी मनात कुढत होतो, की माझं काय चुकलं. संध्याकाळी आमचे कापडाचे एजंट ओकाडा-सान, म्हणजे ओकाडासाहेब, यांना विचारलं तेव्हा ते तोंडावर हात ठेवून हसले. जाणाऱ्याला वाकून बूट वळवावे लागू नयेत म्हणून ती रोज तसं करते, म्हणाले. मला घरातून निघण्याचा चांगला अनुभव होता, पण माझं निघणं इतकं सोपं व्हावं म्हणून कुणी अशी काळजी घेतल्याचं आठवत नव्हतं.

खरी फजिती गोदामात झाली. कापडाचे तागे टेबलावर उलगडत होते आणि मी माझी सगळी हुशारी डोळ्यांत आणून बघत होतो. एका ताग्यात मला आडवा धागा तुटलेला सापडला. झालं. मी आमच्या बाजारातल्यासारखा आवाज चढवला, कापडावर बोट आपटलं, भाव पाडून मागायच्या तयारीत उभा राहिलो. ओकाडा-सान यांनी शांतपणे कापडाची किनार उचलून दाखवली. त्या दोषाच्या अगदी समोर किनारीला एक बारीक लाल दोरा बांधलेला होता. मग त्यांनी दुसरा दाखवला, तिसरा दाखवला, जे माझ्या नजरेतून सुटले होते. गिरणीतल्या बायका कापड तपासतात आणि जिथे चूक असेल तिथे खूण बांधतात, घेणाऱ्याला कळावी म्हणून. मी आयुष्यभर कापडाची घडी अशी घालत आलो होतो की डाग आतल्या बाजूला जावा. 

त्या लाल दोऱ्यामुळेच मी ओकाडा-सान यांना नोखदांची सगळी गोष्ट सांगितली. ही माणसं मला खोटं सांगणार नाहीत, अशी खात्री वाटली. ते ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी मला टेकडीवरच्या एका घरात घेऊन गेले. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांना लागून बायका ओळीने बसल्या होत्या, समोर पांढरं कापड, त्यावर मोत्यांचे ढीग, आणि चिमट्याने एकेक दाणा उचलून रंगाप्रमाणे वेगळा करणं चाललेलं. शंभरभर माणसं आणि आवाज फक्त मोत्यांचा.  इतके मोती नोखदांनी सगळ्या हयातीत पाहिले नसतील. मी एक मागितला. तिथल्या मुख्य बाईने तो भिंगाखाली धरून आधी मला त्याच्यावरचा एक बारीक खळगा दाखवला, मगच कागदात बांधला.

"पण तुमचे नोखदा विचारतील तो कुठून आला," ओकाडा-सान म्हणाले, आणि आगगाडीने मला एका खाडीवर घेऊन गेले. पाण्यावर तराफे, तराफ्यांखाली टांगलेले शिंपले. आणि जरा बाहेरच्या बाजूला छोट्या होड्या, प्रत्येक होडीत एक पुरुष आणि एक बाई. बाई पांढरे कपडे घालून बुडी मारायची, आता ती समुद्रातले खाण्याचे शिंपले आणायला, पण पूर्वी मोत्यांचे शिंपलेही याच बायका काढत. वर आली की श्वास सोडताना तिच्या तोंडून लांब शीळ निघायची. सगळ्या खाडीभर त्या शिळा.  तिच्या कमरेचा दोर होडीतल्या पुरुषाच्या हातात असायचा. मी विचारलं, तो कोण? ओकाडा-सान म्हणाले, नवरा. दोर दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

ऊन कलल्यावर त्या बायका काठावरच्या झोपडीत शेकत बसल्या. एका म्हातारीने ओकाडा-सानकडून मला विचारलं, "यांचं घर किती लांब?" साधाच प्रश्न होता. कुवेत सांगावं की दाभोळ, हे मला ठरवता येईना. ती उत्तराची वाट बघून उठली, नवऱ्याने टोपली उचलली, आणि दोघं टेकडीची वाट चालू लागली. एकेक करून सगळीच जोडपी गेली. 

कुवेतला परतलो त्या दिवशी दुकान उघडताच नोखदा आले. मी पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी मोती दारातल्या उजेडात नेला, बोटांत फिरवला, दातांवर घासला. काचेवर दात घसरतो, मोती खरखरतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांचा चेहरा हलला नाही. परत एकदा घासला. मग अंगठा एका जागी थांबला.

"इधर एक दाग है."

"उन लोगों ने बताया था," मी म्हणालो.

"खुद बताया?"

"हां. बेचने से पहले."

नोखदा बाकावर बसले. "काच नहीं है," ते म्हणाले. "मोती है." मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. मला वाटलं, झालं, हे आता कोसळणार. पण त्यांनी विचारलं, उधर डुबकी कौन मारता है? मी सांगितलं, औरतें. ते माझ्याकडे संशयाने बघू लागले, मी थट्टा करतोय की काय.

"और रस्सी?"

"उसका मरद पकड़ता है."

"कोई मरता है?"

मी म्हणालो, समंदर है, मरते भी होंगे. पण मोती आता तराफ्याखाली वाढतो, त्यासाठी तळाशी जावं लागत नाही. आणि जे मी पाहिलं ते सांगितलं, की संध्याकाळी नवरा-बायको दोघं घरी जातात.

नोखदांनी मोती मुठीत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "अच्छा है," ते म्हणाले. "फिर अच्छा है." त्यांनी खिशातून स्वतःच्या जुन्या मोत्यांची पुरचुंडी काढली आणि जपानी मोती त्यातच टाकून गाठ मारली. मोती कधी मिसळू नये असं सांगणारा हा माणूस. मग जाता जाता, काठी माझ्याकडे रोखून, रागावल्यासारखे म्हणाले, "तेरी औरत उधर क्या करती है? बुला ले. इकामा का कागज मैं करता हूं."

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं असं नाही. पण आईला एकटी टाकून तिला कसं आणायचं, म्हणून तो विषय मी स्वतःशीही काढत नसे. मी आईला लिहिलं. मोहल्ल्यातल्या कुणाकडून लिहून घेतलेलं तिचं उत्तर आलं, "ने तिला. माज्यासाठी ठेवू नको." जुलेखा बोटीने आली तेव्हा बंदरावर आम्ही दोघं अनोळखी पाहुण्यांसारखे उभे होतो. दहा वर्षांच्या लग्नात आम्ही जेमतेम एक वर्ष एकत्र काढलं होतं. कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिला तिथलं ऊन आवडलं नाही, मासे आवडले.

ती आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी दुकान घाईने बंद करत होतो. नोखदा बाकावर बसलेले होते. म्हणाले, "किधर भागता है?"

दहा वर्षं मी या प्रश्नाला "रूमवर" असं उत्तर देत आलो होतो. कुवेतातला प्रत्येक एकटा माणूस तेच देतो. त्या दिवशी सहज तोंडातून निघालं, "घर."

आणि मग दाभोळला ओटीवर एकटीच बसलेली आई आठवली, नि घाईने काढलेलं कुलूप मी सावकाश दाराला लावलं.