मोडशी म्हणण्याचे दिवस

अकोल्यास माझ्याकडे अजून रोगी येतात. आजाराचे नाव सांगण्याआधी मी फार वेळ थांबतो, हे त्यांच्या ध्यानात येते आणि ते त्याचा दोष माझ्या वयाला देतात. मी पन्नाशी ओलांडली आहे हे खरे. पण ही सवय वयाने लागलेली नाही. ती मी तिशीतच अमरावतीहून बरोबर आणली.

त्या काळी अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता, आणि त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसावर सगळ्या मुलखाची दृष्टी होती. अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग हटत नसे. वडील नुकतेच वारले होते व त्यांची वैद्यकी मी चालवीत होतो. लोक माझ्याकडे येत ते माझ्या वडिलांवरच्या विश्वासाने.

होळी होऊन चार दिवस झाले होते. एका अडत्याकडचा तोलणारा सकाळी काट्याशी उभा होता आणि दुपारी उलट्यांनी आडवा झाला. मी गेलो तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते, पोटऱ्यांत गोळे येत होते, आवाज बसला होता. ती पटकी होती. मला ते उंबऱ्यातूनच कळले. अडत्या मला बाजूला घेऊन अदबीने म्हणाला की होळीचे पुरण बाधले असावे, मोडशीच असेल, नाही का? मोडशी म्हणजे अजीर्ण. दोन दिवस लंघन केले की जाते. पटकीचे नाव निघाले असते तर वाटेतल्या गाड्या माघारी वळल्या असत्या. त्याने मला काही देऊ केले नाही, धाकही घातला नाही. केवळ अपेक्षेने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, "हो, मोडशीच."

तोलणारा दिवस मावळण्याच्या आत गेला. तरीही माझा शब्द गावाला आवडला. लोक तो हौसेने वापरू लागले. कोणी आजारी पडला की म्हणत, अडत्याची पोळी तोलून खाल्ली असती तर पचली असती. या विनोदाला मीही हसलो आहे. लोकांचा धीर टिकावा म्हणून आपण असे बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आज पाहतो तर त्या समजुतीत धीर थोडा होता आणि भिडस्तपणा पुष्कळ.

चैत्र लागला, पटकीची प्रेते रोज निघू लागली आणि थट्टा थांबली. त्यानंतर लोकांच्या मनाची जी स्थित्यंतरे मी पाहिली, ती पुढच्या साथींत अकोल्यासही जवळजवळ त्याच क्रमाने पाहिली, म्हणून सांगतो. प्रथम माणसे एकमेकांची खुशाली विचारीनाशी झाली. रस्त्यात भेटल्यावर 'बरं हाय ना?' हे दोन शब्द आमच्याकडे श्वासासारखे निघतात. ते बंद पडले, कारण उत्तराची भीती वाटे. पुढे संशय आला. कोणी कोणत्या विहिरीवर वाकून पाहिले, कोणाच्या गाडीतून कोण उतरले, याची चौकशी होऊ लागली. मग देवीचा कोप ठरला. मरीमायचा लहानसा लाकडी गाडा केला, त्यात लिंबाचा पाला, हिरवे लुगडे, बांगड्या ठेवल्या आणि वाजतगाजत तो भातकुलीच्या वाटेने शिवेपलीकडे नेऊन सोडला. रोग गाड्यातून जातो आणि पुढचे गाव तो आणखी पुढे ढकलते, असा समज. पुढच्या गावात माणसेच राहतात, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही. मीही मिरवणुकीत चालत होतो.

आणि सर्वांत शेवटी थकवा आला. त्याचे मला भयापेक्षा अधिक भय वाटते. कुठे रडे फुटले तर लोक हातातले काम न सोडता नुसता कानोसा घेत, आणि आवाज आपल्या गल्लीतला नाही असे कळले की पुन्हा कामाला लागत. मी मात्रा उगाळताना मोजायचे विसरत असे आणि विसरलो याचे काही वाटत नसे.

अशा दिवसांत भातकुलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी आमच्या गल्लीत आला. कापूस केव्हाच विकला होता. आजारी मावशीला पाहायला तो बायकोसह आला होता. मावशी आदल्या दिवशीच गेली होती. उपाशी पोटी त्याने शिळी भाकर आणि कांदा खाल्ला, आणि उन्हात बैल सोडताना त्याला भडभडून उलटी झाली. गल्ली गोळा झाली. त्याच्या बायकोने मला मावशीच्या दारातून हाक मारली, "दादा, याईले पाहा ना."

मी नाडी पाहिली. ती भरलेली होती. अंग गरम, आवाज खणखणीत, पोटऱ्या सैल. लघवी झाली होती. त्याला मोडशी झाली होती, खरोखरीची. मी तसे म्हणालो.

आमच्या शेजारचा तेली, ज्याची दोन माणसे त्या पंधरवड्यात गेली होती, संथपणे म्हणाला, "तोलणाऱ्यालेबी तुमी मोडशीच म्हनलं होतं, बुआ."

कोणी हसले नाही. तेल्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या मरीमायची आन. म्हना मोडशी."

शपथ घेण्यात काही अवघड नव्हते, कारण गोष्ट खरी होती. पण त्या वीस-पंचवीस थकलेल्या चेहऱ्यांकडे पाहताना माझी स्वतःवरची श्रद्धा गेली. एकदा खोटे बोलल्यावर खरे कोणत्या आवाजात बोलतात ते मला आठवेना. बाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "खात्रीनं सांगता येत नाही." माती हातातून गळून पडली.

गल्लीतल्यांनी दोघांना हात लावला नाही. दुरूनच बैल जुंपायला लावले आणि गाडी शिवेपर्यंत हाकून दिली. जाताना बाईने पाण्याचा तांब्या मागितला. तो कोणी भरून दिला नाही. माझे घर पन्नास पावलांवर होते.

पुढचे मला महिन्याभराने एका गाडीवानाकडून कळले. त्यांची बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. वाटेतल्या दोन गावांनी वेशीवर लिंबाच्या फांद्या आडव्या लावून त्यांना अडवले. त्यांच्या स्वतःच्या गावानेही आत घेतले नाही. चार दिवस ती दोघे शिवेवरच्या बाभळीखाली गाडीत राहिली. विहिरीवर बाईला पोहरा टाकू देईनात, म्हणून ती नाल्याच्या डबक्यातले पाणी आणून नवऱ्याला उकळून पाजी, पेज करून देई. स्वतःसाठी उकळण्याइतके सरपण नव्हते. नवरा दुसऱ्या दिवशी उठून बसला. चौथ्या दिवशी ती गेली, पटकीने. आता शिकलेले लोक पाण्यावर बोट ठेवतात. तेव्हा आम्ही वाऱ्यावर आणि देवीवर ठेवत होतो.

हे कळल्यावर मी लगेच त्याच्या गावी जायला निघायला हवे होते. मी निघालो नाही. पावसाळा आला, साथ ओसरली. विहिरीवर बायका पुन्हा पहिल्यासारख्या भांडू लागल्या, तेव्हा गावाचे मन ताळ्यावर आले असे मी समजलो. दसऱ्यापर्यंत तर साथीचा विषयच निघेनासा झाला. कोणी काढलाच तर दुसरा म्हणे, मागचं कशाले उकरता. माझे मात्र विसरणे होईना. दिवाळी झाल्यावर मी भातकुलीची वाट धरली.

तो घरासमोर बैलांना सरकी घालीत होता. त्याचा तांब्या आणि ताटली अंगणात वेगळ्या दगडावर ठेवलेली दिसली. गावाने त्याला आत घेतले होते, पण सहा महिने झाले तरी त्याच्या हातचे पाणी घेत नव्हते. मी कोण ते सांगितले. त्याने मला ओळखले होते. तो सरकी घालीतच राहिला.

टोपली रिकामी होत आली तेव्हा त्याने विचारले, "मले काय झालं होतं, बुआ?"

"मोडशी," मी म्हणालो. "पटकी नव्हती. मला तेव्हाच ठाऊक होतं."

तो मला मारील असे मला वाटले. मारावे असेही वाटले. सरकीची टोपली खाली ठेवून तो तिथेच मातीत बसला.

"मंग मी तिले देल्ली नाई," तो म्हणाला. "मले वाटे, माह्या पोटातलीच तिले लागली. रोज वाटे." मग घराकडे मान वळवून त्याने आईला हाक मारली. "माय, मले मोडशीच होती वं. वैद्यबुआ सांगून राहिले."

म्हातारी दारात आली. तिने सगळे नीट पुन्हा विचारून घेतले. डोळ्यांना पदर लावला नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. "हे चार लोकाईपुढं सांगान का?" एवढेच म्हणाली. मी हो म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "जोरानं सांगजा. तुमचा आवाज लय बारीक हाय."

संध्याकाळी चावडीपुढे माणसे जमली. ज्यांनी त्या बाईला पोहरा टाकू दिला नव्हता, ती माणसे त्यांतच होती, हे मला त्यांच्या खाली मान घालून बसण्यावरून कळले. या माणसाला पटकी नव्हती, त्याची बायको गावात आली असती तर कोणाला काही झाले नसते, आणि हे ठाऊक असून मी बोललो नाही, असे मी सांगितले. मागून कोणी म्हणाले की ऐकू आले नाही. मी पुन्हा सांगितले. गावचे वृद्ध पाटील विषण्णपणे म्हणाले, "आता सांगून काय उपेग, बुआ? तुमचं वझं तुमी उतरवलं. आमच्यावर काहून टाकून राहिले?"

दोघे-तिघे धोतर झटकून उठून गेले. बाकीचे बसून राहिले. तेवढ्यात म्हातारी मुलाचा तो अंगणातला तांब्या पाण्याने भरून घेऊन आली आणि पाटलांच्या पुढे धरून उभी राहिली. पाटलांनी तांब्या घेतला, आणि वरून धार न धरता, ओठ लावून प्यायले.