तीन पंख्यांचे विमान

परवा दाराला ऑइलपेंट दिला आणि त्या वासाने मला लोणावळ्याच्या जत्रेतले लाकडी विमान आठवले. मी तेव्हा नुकताच शाळेत गणित शिकवू लागलो होतो. फोटोवाल्याच्या कनातीत फळ्यांचे विमान उभे होते, मागच्या पडद्यावर निळे ढग रंगवलेले होते, आणि विमानाच्या दोन खिडक्यांत माणसांना बसवून तो फोटो काढी. मित्रांच्या आग्रहाने मीही रांगेत होतो. माझ्यापुढे औंढ्याकडच्या डोंगरवस्तीवरची एक मजूर बाई नवऱ्यासोबत होती. ती पुढच्या खिडकीत बसली, तिने पदर नीट केला, आणि मी मोठ्याने म्हणालो, ‘‘मावशी, हे विमान उडायचं नाही. डाव्या पंखावर दोन पंखे रंगवलेत, उजव्यावर एकच. सगळं खोटं आहे.’’ सगळी रांग हसली. बाई शांतपणे म्हणाली, ‘‘ठावं हाय, भाऊ. लाकडाचं हाय त्ये. लेक सासरी लय रडती. म्हनलं फोटू धाडू, आय इमानातनं येतीया म्हनून. हसंल जरा.’’ नवरा ओशाळला. ‘‘उतर गं, लोकं हसत्यात.’’ ती उतरली आणि फोटो न काढताच दोघे गर्दीत गेले. त्यांना हाक मारायची माझ्या मनात होती, पण फोटोवाल्याने मला बोलावले आणि मी गेलो. तिच्या जागी बसवेना, म्हणून मागच्या खिडकीत बसलो. तो फोटो अजून घरात आहे. पंखे आजही मोजले तर तीनच भरतात. मी ऐटीत हसतो आहे, आणि पुढची खिडकी रिकामी आहे.