आधी तुझ्या मायला दे फोन

माझ्या सासूनं लोकांना लई पिडलं. मला तर सगळ्यात जास्त.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. सकाळपासून जो येतो तो म्हणतो, "देवमाणूस होत्या हो." कान किटले ऐकून. देवमाणूस कसल्या! चोवीस तास माझ्या डोक्याला ताप.

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. अर्धा जन्म मेंढरांमागं गेला. दुष्काळात मेंढरं विकून पाचोडकडून इथं शहरात, पुंडलिकनगरात आल्या, पण सवयी तिकडच्याच.

माझ्या लेकीची, ऋतूची, मैत्रीण दारात आली की सुरू.

"गाव कोणतं? कुणाची तू? मायला दे फोन, दोन शब्द बोलते."

पोरीला आत घेणं, पाणी देणं नंतर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अहो आत्याबाई, शहर आहे हे!"

"असू दे. कळपात नवं जनावर शिरलं की आधी मालक बघायचा."

पालकसभेलाही माझ्या आधी तयार. तिथं बाईंना भर वर्गात विचारलं, "अभ्यास मोबाईलवर धाडता, पण तिथं आणखी कोण कोण असतं?"

ऋतू नववीत होती तेव्हाची गोष्ट. पाण्याची बोंब होती, गल्लीत टँकर आलेला, आम्ही दोघं नवराबायको ड्रम घेऊन बाहेर. आत ऋतू आजीपाशी रडत बसलेली.

कुठल्याशा गेमवर तिला 'सिया' भेटली होती. म्हणे नववीतली, इथल्याच उस्मानपुऱ्यातली. आधी अभ्यासाच्या गप्पा, मग शाळेचं नाव, मग फोटो. आणि आता धमकी. अजून फोटो पाठव, नाहीतर आधीचे तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकते.

आमच्या ह्यांनी ऐकलं आणि डोकंच फिरलं.

"बंद! शाळा बंद, मोबाईल बंद. उद्याच पाचोडला नेऊन टाकतो हिला!"

मी हातपाय गाळून बसले.

आत्याबाई ह्यांच्यावर खेकसल्या. "तोंड आवर. पोरीनं येऊन सांगितलं, तर पोरीलाच शिक्षा? मग पुढच्या बारीला सांगंल का ती? गपगुमान सोसत बसंल."

"अगं माय, बदनामी होईल!"

"व्हईल त्या करणाऱ्याची. आपल्या लेकराची कशापायी?"

मग ऋतूला बटण दाबायला लावलं आणि व्हॉइस नोट सोडली. "सिया, मी ऋतूची आजी. आधी तुझ्या मायला दे फोन."

लिहून आलं, मम्मी घरी नाही.

"मग आजीला दे. शेजारणीला दे. अख्ख्या उस्मानपुऱ्यात एक मोठं माणूस नाय व्हय गं?"

ब्लॉक. सिया गायब!

नशीब, ऋतूनं आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. ते घेऊन आम्ही पोलिसांकडं गेलो. आत्याबाई पुढं, हे मागं. वर्गाच्या बाईंनाही सगळं सांगून ठेवलं.

फोटो कुठंच आले नाहीत. सोमवारी ऋतू शाळेत गेली. आता कॉलेजात आहे.

आणि आज जेवायला आलेले पाहुणे मलाच शिकवतायत, "मोबाईलनं पोरं वाया गेली."

अहो, तुमची स्वतःची पोरं सकाळपासून कोपऱ्यात कुणाशी खेळतायत, विचारलं का एकदा तरी?

मोबाईल हिसकावून घेता, पोरांना बदडता, मग चार दिवसांनी कटकट नको म्हणून परत हातात देता. शेजारी बसून "कोण गं ही?" एवढं विचारायला काय जातं तुमचं? शाळेच्या ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं टाकायला बरा वेळ मिळतो!

जाऊ द्या. पालथ्या घड्यावर पाणी.

आत्याबाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं.

मागच्या आठवड्यात मी भाकरी थापत होते. ऋतू मागं येऊन उभी राहिली.

"आई, ओरडणार नसशील तर एक सांगू?"

माझ्या ओठावर आलं होतं, आता काय करून ठेवलंस? गिळलं. गॅस बंद केला, पिठाच्या हातानंच खाली बसले.

काय बोलली ते इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

पण तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच ती असं बोलली. आणि मला सांगितलं, आत्याबाई. मला.

तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.