बारा वावांपलीकडचा लॅपटॉप

आमच्या घरात कुठलीही वस्तू यायच्या आधी तिचे किस्से येतात. फ्रिजच्या वेळचे किस्से अजून लग्नकार्यात निघतात, आणि तो फ्रिज तर कधीच भंगारात गेला! पण लॅपटॉपच्या वेळी जे काही झालं, त्याला तोड नाही. एरवी मी वर्गात हजेरीपुरती बोलते. पण हे किस्से ऐकायला मैत्रिणी मधल्या सुट्टीत डबे घेऊन माझ्या बाकाभोवती बसतात, आणि मीही बोलत सुटते.

झालं असं, की एक वर्ष जर्मनीतल्या शाळेत शिकायचं आणि तिथल्याच एका कुटुंबात राहायचं, अशा योजनेत माझी निवड झाली. निबंधावरून झाली, नाहीतर माझी कुठली व्हायला! येताना स्वतःचा लॅपटॉप आणा, असं त्यांनी कळवलं. आणि महिनाअखेरपर्यंत आईवडिलांचा होकार हवा होता.

आईने लगेच हो म्हटलं. बाबा तांडेल आहेत, म्हणजे स्वतःच्या बोटीचे कप्तान. ते समुद्रावरून आले, जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "आधी कॉम्प्युटर तर बघू."

आई स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली. "अगो, कॉम्प्युटर घेतला म्हणजे पाठवायचं कबूल. नाय घेतला म्हणजे नाय."

त्या दिवसापासून मी लॅपटॉपची स्वप्नं बघायला लागले.

* * *

बोटीवरचा नियम असा, की नवीन जाळं घ्यायचं तर ते सगळ्या खलाशांच्या हाताखालून जायला हवं. ओढणार ते, मग मत त्यांचं नको? बाबांनी तोच नियम लॅपटॉपला लावला!

पुण्याला आयटीत असलेला माझा मामेभाऊ प्रथमेशदादा फोनवर होता, स्पीकर चालू होता, आणि जेटीवर जाळी विणत बसलेले खलाशी एकेक प्रश्न विचारत होते. दादा भरभरून सांगत होता. प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी म्हणजे काय. सगळे माना डोलवत होते.

सगळ्यात जुने खलाशी शांतारामकाका. ते शेवटी म्हणाले, "ता सगला ऱ्हवदे. पान्यात पडला तर तरंगतो काय?"

दादा म्हणाला, "काका, कुठलाच लॅपटॉप तरंगत नाही."

"मग बुडला तर वर कसा काढायचा?"

काका उठले, जाळं तरंगावं म्हणून बांधतात तो एक नारिंगी बोया शोधून आणला आणि माझ्या हातात दिला. "बॅगेला बांध. इमानात हसले लोक तर हसूदेत. उद्या पडलाच तर त्येंचे शोधत बसतील, तुजा वर येल!"

* * *

बाबा आणि मी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा आत्या बरोबर होती. आत्या मच्छीमार्केटात बसते. तिने सांगितलेल्या भावावरून तिला खाली उतरवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे.

दुकानाचे मालक मयेकर. बाबांची बोट आली की त्यांच्या घरी पापलेट जातं, म्हणून आम्हाला आत बसवून त्यांनी सरबत दिलं आणि टेबलावर चारपाच लॅपटॉप मांडले. आत्याने सरबताला हात लावला नाही. पदर खोचला आणि पहिल्या लॅपटॉपचं झाकण उचलून आत डोकावली. माशाचा कल्ला उघडून बघतात, अगदी तस्सं! मग तिने स्क्रीनच्या मधोमध अंगठा दाबला.

स्क्रीनवर अंगठ्याभोवती रंगीत तवंग उठला.

"शिळा!" आत्या म्हणाली. "अंगठा रुततोय बघ. मऊ पडलाय. दुसरा दाखवा."

मयेकर घाबरून उभेच राहिले. "आत्या, दाबू नका हो! ताजाच आहे, कालच आलाय!"

"मार्केटात सगळ्यांचा कालच आलेला असतो," आत्या म्हणाली आणि दुसऱ्याचं झाकण उचललं.

तिने सगळे दाबले. शेवटचा एक होता, त्याची स्क्रीन काचेसारखी टणक. अंगठा रुतला नाही, तवंग उठला नाही. आत्याने मान हलवली. "हा फडफडीत आहे."

नंतर दादाने फोनवर सांगितलं, की त्या सगळ्यांत तोच चांगला होता. आत्याला ते कसं कळलं, हे मात्र तिलाच विचारा म्हणाला!

* * *

पण आत्याचं तेवढ्यावर भागत नाही. तिच्याकडे मासे घेतले की पिशवी बांधायच्या आधी ती मूठभर कोळंबी किंवा दोन बांगडे वर टाकते. ते हिशोबात नसतं. ते मन राखायला असतं.

"वर काय टाकणार?" तिने मयेकरांना विचारलं.

"बॅग फ्री आहे ना!"

"बॅग म्हणजे पिशवी. पिशवीचं काय कौतुक? मी काय मासे लोकांच्या ओंजळीत घालते? वर काय?"

मयेकरांनी माऊस ठेवला. आत्या बघत राहिली. मयेकरांनी स्क्रीन पुसायचं फडकं ठेवलं. आत्या बघतच राहिली. मार्केटात ती अशी बघायला लागली, की शेजारच्या बायकासुद्धा आपल्या टोपलीतलं काढून देतात!

शेवटी मयेकरांनी स्वतःच्या टेबलावरचं पेन उचलून वर ठेवलं.

"आता बरं दिसतंय," आत्या म्हणाली.

आणि एवढं सगळं करून त्या दिवशी आम्ही लॅपटॉप घेतलाच नाही! बाबा म्हणाले, "बघितला. आता विचार करू." फडकं, माऊस आणि पेन मयेकरांनी मुकाट्याने परत जागेवर ठेवलं.

* * *

आईला प्रोसेसरशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न कॅमेऱ्याचा होता. दुसऱ्या खेपेला तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं, स्वतः फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली आणि व्हिडिओ कॉल लावला.

"दिसतेस," ती म्हणाली. "पण ताट कुठाय?"

"कुठलं ताट?" मयेकरांनी विचारलं.

"जेवणाचं हो! ही 'जेवले' म्हणून सांगेल. ही कुणाला त्रास नको म्हणून उपाशी राहणाऱ्यांतली आहे. मला ताट दिसायला हवं."

मयेकरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला, हे ताट समजा म्हणाले, आणि स्क्रीन पुढे वाकवली. कॅमेऱ्यात कागद आला, पण माझं डोकं गेलं.

"वहिनी, ताट दिसलं तर तोंड नाही दिसणार."

आई पायरीवरून ओरडली, "चालेल! तोंड मला पाठ आहे!"

* * *

तिसऱ्या खेपेला मयेकरांनी माझ्याकडे बघितलं. "अहो, जिला घ्यायचाय तिला कुणी विचारलंय का? बाळ, तुला कुठला आवडला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांनी एकदम बघितलं की माझा आवाज आत जातो. मयेकरांना माझी दया आली असावी, कारण ते म्हणाले, "थांब, गंमत दाखवतो. आपण बोललो की हा मराठीत लिहितो. बोल काहीतरी."

मी माझं नाव सांगितलं. काही उमटलं नाही. पुन्हा सांगितलं. तरी नाही. मागे आत्या आईच्या कानात काहीतरी कुजबुजत होती. आत्याची कुजबूज मार्केटातली असते, ती पलीकडच्या ओट्यापर्यंत जाते. स्क्रीनवर भराभर अक्षरं उमटली :

"ही घरात बोलत नाही परक्या देशात कशी राहणार गो वहिनी"

मयेकर माईक बंद करायची जागा शोधायला लागले. बाबा दाराशी उभे होते, तेही वाचत होते. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की हा प्रश्न फक्त आत्याचा नव्हता.

माझा आवाज अजून आतच होता. पण बोटं कीबोर्डवर होती. मी खाली टाइप केलं : "राहीन."

आत्याने चष्मा वर सरकवून वाचलं आणि दचकली. "आता हा कोण बोलला?"

आई हसायला लागली. मयेकर हसायला लागले. बाबांनी पुढे येऊन ते परत वाचलं. मग मयेकरांना एवढंच म्हणाले, "कीबोर्ड चांगला हाय."

* * *

तरी घेतला नाहीच! जाळं पाण्यात टाकून बघितल्याशिवाय घेत नाही, असं म्हणत बाबांनी दुकानातला दाखवायचा लॅपटॉप एका दिवसासाठी मागून आणला. मी घरी लॅपटॉपसमोर, आणि बाबा मोबाईल घेऊन थेट बोटीवर. व्हिडिओ कॉल चालू ठेवून ते समुद्रात निघाले!

आम्ही घरात सगळे गोल करून बसलो होतो. स्क्रीनवर बाबा, मागे लाटा, शांतारामकाकांचा अर्धा कान.

"सहा वाव," बाबा ओरडले. पाणी किती खोल आहे ते वावात मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. जितकं खोल, तितका किनारा लांब. "दिसतंय काय?"

"दिसतंय!" आम्ही सगळे.

"नऊ वाव! दिसतंय?"

"दिसतंय!"

"बारा..." आणि बाबा तोंड उघडं ठेवून थिजले. काकांचा कानही थिजला. पुढे काहीच नाही.

बाबा परत आले ते घरी न येता सरळ दुकानात गेले. मी लॅपटॉप परत करायला तिथेच गेले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलं.

"मयेकर, तुमचा लॅपटॉप बारा वावांच्या पुढे चालत नाय. जर्मनी किती वावांवर हाय?"

मयेकरांनी कपाळाला हात लावला. "तांडेल, लॅपटॉप ठीक आहे हो! तुमच्या मोबाईलला टॉवर मिळाला नाही. टॉवर जमिनीवर असतो. तिकडे जर्मनीत टॉवर, इकडे आपल्याकडे टॉवर."

"आणि मध्ये?"

"मध्ये केबल. समुद्राच्या तळावरून टाकलेली असते."

बाबा खुर्चीत बसले. एवढा वेळ उभे होते, ते बसले. "तळावरून?"

"हो."

"आणि वरून आमचे ट्रॉलरवाले जाळी खरवडत नेतात?"

मयेकर म्हणाले, "आता ते मी काय सांगू!"

संध्याकाळी काय झालं ते शांतारामकाकांनी सांगितलं. आमच्या बोटीचं जाळं पाण्यात वरच्या वर तरंगतं, पण ट्रॉलरचं जाळं तळ घासत जातं. बाबा जेटीवर गेले आणि एकेका ट्रॉलरसमोर उभं राहून सांगून आले, "सांभाळून ओढा रे मेल्यांनो. खाली आमच्या पोरीची तार हाय!"

दुसऱ्या दिवशी मार्केटात आत्याला बायका विचारायला लागल्या, पोर कधी निघाली म्हणून. आई हरखली. रात्रीचं जेवण वाढता वाढता तिने विचारलं, "म्हणजे ठरलं ना हो?"

बाबा भात कालवत म्हणाले, "मी तारेचं बोललो. जायचं कुठे बोललो?"

महिना संपायला आला होता.

* * *

आणि मग एके दिवशी सकाळी बाबा एकटेच बाहेर गेले आणि खोका घेऊन आले. आत्याचा फडफडीत! वर माऊस, फडकं आणि पेनसुद्धा. आईने देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, आत्याने नारळ वाढवला, खोबरं शेजारी गेलं. मी लॅपटॉप उघडला. चालू केल्यावर जो आवाज झाला त्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले.

बाबा टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्या शेजारी येऊन बसले. "नकाशा लाव."

मी नकाशा लावला.

"जीपीएसची नवीन मशीन बोटीवर आली, की पहिला पॉइंट परतीचा मारायचा," बाबा म्हणाले. "बाकी पॉइंट मागाहून. परतीचा मारल्याशिवाय बोट सोडायची नाय. मी आकडे सांगतो, तू घाल."

त्यांनी आकडे तोंडपाठ सांगितले, अक्षांश, मग रेखांश. एकेक आकडा दोनदा सांगितला. मी घातले आणि बटण दाबलं. नकाशा सरकत सरकत रत्नागिरीवर आला आणि एक लाल खूण पडली.

भर पाण्यात! घर राहिलं एकीकडे, खूण निळ्या समुद्रात.

"चुकला गो तुजा आकडा," आत्या म्हणाली. "पोर समुद्रात उतरायची काय?"

मी परत तपासलं. आकडे बरोबर होते. "बाबा, हा घराचा नाही. हा बंदराच्या बाहेरचा आहे."

"बाहेरचाच हाय," बाबा म्हणाले. "आत खडक आहेत. तिथे मशीनवर भरवसा ठेवून कुणी येत नाय, बाहेर थांबतात. तू तिथपर्यंत ये. तिथून आत मी घेऊन येतो."